विभागप्रमुखांच्या कानावर घातले, पुढे काय?

प्रश्न : मी पीएचडीची विद्यार्थिनी आहे. मार्गदर्शकांचे रात्री-अपरात्री येणारे संदेश आणि त्यांच्या खोलीत घडलेला एक प्रसंग मी दोन महिन्यांपूर्वी विभागप्रमुखांना सांगितला. ‘बघतो, तूर्त बाहेर बोलू नका,’ एवढेच ते म्हणाले. आता सहामाही प्रगती अहवालावर त्याच मार्गदर्शकांची सही लागणार आहे. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘दोन महिने’ हे शब्द मला सर्वांत काळजीचे वाटतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१५ च्या विनियमांनुसार तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे, लेखी स्वरूपात आणि घटनेपासून ३ महिन्यांत द्यावी लागते. प्रसंग अनेक असतील तर शेवटच्या प्रसंगापासून मुदत मोजतात. कारणे नोंदवून समिती आणखी ३ महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. विभागप्रमुखांशी झालेले बोलणे ही तक्रार ठरत नाही. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा पदांवरील व्यक्तींना विनियमांनी समितीबाहेर ठेवले आहे, आणि तुम्हाला मिळालेले उत्तर वाचल्यावर त्यामागचे कारण वेगळे सांगायला नको.

तक्रारीत तारीख, ठिकाण आणि आठवतील ते शब्द जसेच्या तसे लिहा, विभागप्रमुखांना केव्हा सांगितले तेही नोंदवा, आणि आपल्या प्रतीवर तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. संदेश पुसू नका.

सहीची अडचणही त्याच अर्जात मांडा. तक्रारदाराने विनंती केल्यास चौकशीच्या काळात आरोप असलेल्या व्यक्तीला तक्रारदाराच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून रोखता येते, किंवा तक्रारदाराला ३ महिन्यांपर्यंत रजा देता येते. ही तरतूद अनेकींना ठाऊक नसते, आणि न मागता ती क्वचितच कोणी सांगते.

तक्रारीची प्रत समोरच्या पक्षाला ७ दिवसांत जाते, त्याला उत्तरासाठी १० दिवस मिळतात आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते. त्याचे म्हणणे समिती सविस्तर ऐकते म्हणून खचू नका. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात समितीने २००९ मध्ये घाईने सुनावण्या उरकल्या, त्यामुळे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा समितीकडेच पाठवले. त्या घाईची किंमत तक्रारदारांनाही मोजावी लागली.

पोलिसांत जायचे असल्यास समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही; तसे ठरवल्यास समितीने तुम्हाला मदत करणे अपेक्षित आहे.