वायफाय गेलं, आणि दुकानदार म्हणतो ‘तुम्ही ग्राहकच नाही’

प्रश्न : चोपडा तालुक्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं केंद्र आहे. केळीचा पीकविमा, सातबारा, शिष्यवृत्ती अशी कामं. सात महिन्यांपूर्वी नाशिकहून 48 हजारांचा लॅपटॉप घेतला, बिल केंद्राच्या नावावर. तीन आठवड्यांपूर्वी रात्री विंडोजचं अपडेट झालं, सकाळी वायफाय बंद. सर्व्हिस सेंटर म्हणतं, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम, वॉरंटीत बसत नाही, फॉरमॅटचे 2,500 द्या. दुकानदार म्हणतो, धंद्यासाठी घेतलाय, ग्राहक कोर्टात तुमचं काही चालणार नाही. दोन लाख भरपाईची केस करू का?

उत्तर : दादा, फॉरमॅट करू नका. एकदा फॉरमॅट मारलं की लॅपटॉप सुधारेल न सुधारेल, पण अपडेट कोणत्या तारखेला झालं आणि त्यानंतर काय बिघडलं याची नोंद मात्र पुसली जाईल. शिवाय त्यात शेतकऱ्यांचे आधार आणि पासबुकं असणार. ती आधी हार्ड डिस्कवर काढून घ्या.

दुकानदाराचं बोलणं मनावर घेऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘व्यापारी कारणासाठी’ घेतलेल्या वस्तूला संरक्षण नाही हे खरं. पण त्याच व्याख्येच्या खाली स्पष्टीकरण आहे : स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी जी वस्तू माणूस स्वतः वापरतो, ती व्यापारी कारणात धरत नाहीत. लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच रिक्षा आणि लेथ मशीनची उदाहरणं देऊन सांगितलं की, हाताखाली एक-दोन माणसं असली तरी असा माणूस ग्राहकच राहतो. रिक्षावाला ग्राहक, तर लॅपटॉपवर फॉर्म भरणारे तुम्ही का नाही? फक्त केंद्र तुमच्या एकट्याच्या मालकीचं आहे आणि घर त्यावरच चालतं, हे प्रतिज्ञापत्रात नीट लिहा. बिल केंद्राच्या नावावर असल्यामुळे हा मुद्दा समोरचा वकील पहिल्याच तारखेला काढणार.

आता खरी मेख. तुम्ही पाठवलेल्या फोटोत डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली यंत्राच्या भागांची यादी) वायफाय कार्डाचं नाव दिसतंय, त्यावर पिवळा त्रिकोण आहे आणि आत ‘कोड 10’. म्हणजे कार्ड यंत्राला दिसतंय, फक्त सुरू होत नाही. असं बऱ्याचदा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, न जुळल्यामुळे होतं. तिथेच ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबता येतं का बघा. नसेल तर कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हने टाका. तरीही चालू झालं नाही, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) चालवून बघा. (ही युक्ती मला माझ्या ज्युनियरनं शिकवली, मी अजून टाइपरायटरच्या पिढीतला.) तिथे वायफाय लागलं तर कार्ड ठणठणीत आहे. तिथेही नाही लागलं तर हार्डवेअरचा संशय पक्का होत जातो, आणि हार्डवेअर म्हणजे वॉरंटी. हे सगळं करताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा.

जुन्या ड्रायव्हरने काम झालं, तर केस करू नका. अडीच हजार वाचले, विषय संपला.

नाही झालं, तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. तुमच्या पावतीवर पेनाने नुसतं ‘चार्जेबल’ लिहिलंय, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. काय तपासलं, काय सापडलं, वॉरंटी कोणत्या अटीखाली नाकारली, हे जॉब शीटवर मागा. देत नसतील तर तीच मागणी ईमेलने करा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. पुष्कळदा कंपनी इथेच नरमते.

नाहीच नरमली, तर नाशिकला खेटे घालायची गरज नाही. 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग (तुम्ही म्हणता ते ग्राहक कोर्ट). पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दुकानदार, कंपनी आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही सामनेवाले करा, नाहीतर जो बाहेर राहील त्याच्यावरच बाकीचे ढकलतील. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरायला सांगू शकतात, तयारी ठेवा.

राहिले दोन लाख. तिथे मी तुमच्या बाजूने नाही. मोबाइल यूएसबीने जोडून नेट चालतं, लॅनची केबल चालते, वायफायचा छोटा यूएसबी डोंगल काही शे रुपयांत मिळतो. तीन आठवडे केंद्र का बंद ठेवलं, असं आयोगाने विचारलं तर काय उत्तर देणार? आजच डोंगल घ्या, काम सुरू करा आणि त्याचं बिल जपून ठेवा. मागणीत दुरुस्ती किंवा बदली, नाहीतर किंमत परत, डोंगलचे पैसे, आणि वहीत नोंद असलेल्या कामांचंच नुकसान, एवढंच लिहा.