पतंगात ग्रंथी उरत नाही, मग अंड्यांत एक्डायसोन येतं कुठून?

तुमची शंका रास्त आहे. कात टाकायला लावणारं एक्डायसोन हे संप्रेरक पूर्ववक्ष ग्रंथीत (छातीच्या पुढच्या भागातल्या ग्रंथीत) तयार होतं आणि बहुतेक कीटकांत प्रौढावस्थेत ती ग्रंथी विरून जाते. तरीही मादीच्या अंडाशयात ते भरपूर सापडतं. घोळ पाठ्यपुस्तकांचा आहे. बुटेनांट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९५४ साली रेशीमकिड्यांच्या सुमारे ५०० किलो प्युपांतून (कोषातल्या अवस्थेतल्या किड्यांतून) २५ मिलिग्रॅम एक्डायसोन वेगळं केलं, तिथेच बहुतेक पुस्तकं थांबतात आणि ते फक्त 'वाढीचं संप्रेरक' होऊन बसतं.

प्रौढ मादीत एक्डायसोन बनवायचं काम अंड्याभोवतीच्या फॉलिकल पेशी करतात. १९७०च्या दशकात स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाने टोळांवर ते दाखवलं. (त्यांना २०११ साली नोबेल मिळालं ते प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी.) कच्चा माल कोलेस्टेरॉल. कीटकाला ते मुळापासून बनवता येत नाही, खाण्यातूनच मिळवावं लागतं. शेवटची पायरी बऱ्याचदा तिसरीकडेच होते. एडिस डासाची मादी रक्त प्यायली की अंडाशय एक्डायसोन सोडतो, फॅट बॉडी (कीटकाच्या शरीरातली, यकृतासारखं काम करणारी ऊती) त्याचं २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन, म्हणजे सक्रिय रूप, करते आणि त्याच्याच इशाऱ्यावर पीतकाची (अंड्यातल्या बलकाची) प्रथिनं बनवू लागते. ॲनोफिलिस गॅम्बी या मलेरिया पसरवणाऱ्या डासात तर नरही ते आपल्या सहायक ग्रंथींत तयार करतो आणि समागमात मादीला देतो!

अंड्यांचा भाग मला जास्त रंजक वाटतो. टोळाच्या अंड्यातला गर्भ स्वतःच्या ग्रंथी चालू होण्याआधीच उपचर्माचे (बाहेरच्या कडक आवरणाचे) थर बनवतो. त्यासाठीचं संप्रेरक आईने आधीच भरून ठेवलेलं असतं, पण निष्क्रिय रूपात. रेशीमकिड्यात त्याला फॉस्फेट जोडलेलं असतं, म्हणजे कुलूप लावल्यासारखंच. गर्भ वाढू लागला की एक फॉस्फटेज विकर (एन्झाइम) हा फॉस्फेट तोडतं आणि संप्रेरक मोकळं होतं. सुप्तावस्थेत गेलेल्या अंड्यांत हे विकर दिसत नाही, साठा तसाच पडून राहतो.

म्हणून प्रकल्पात अंड्यांचा अर्क तपासणार असाल तर फक्त मुक्त एक्डायसोन मोजू नका. जोडलेली रूपं पाण्यात जास्त विरघळतात, त्यामुळे जलीय भाग फेकायचा नाही. त्यावर फॉस्फटेजची प्रक्रिया करून पुन्हा मोजा. प्रक्रियेआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक म्हणजे फॉस्फेट जोडलेल्या रूपातला साठा. आणि अंडी कोणत्या वयाची घेतली, हे प्रत्येक नमुन्यावर तासांत लिहा, कारण हा फरक वयानुसार बदलत जातो.