फ्रेंच चालेल, इतिहास नको?

प्रश्न : मुलगी बी.ए. फ्रेंचच्या शेवटच्या वर्षाला आहे, ७४ टक्के आहेत, डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा बी१ या मधल्या पातळीपर्यंत झाली. दुभाषी व्हायचं सोडून, युद्धं आणि आंदोलनांतून आजचा फ्रान्स कसा घडला यावर एम.ए. करायचं म्हणते. इतिहासावर पोट भरत नाही. फी भरणार नाही, असं बजावलं आहे. तिला समजवा.
– एक वडील, नाशिक

उत्तर : आधी तुमच्याशी बोलतो. दोन पानी पत्रात मुलीचं म्हणणं एका ओळीत उरकलंय. हाच विषय का, हे तुम्ही तिला विचारलेलं दिसत नाही. फी अडवली की मूल गप्प बसतं, पण ते पटलं म्हणून नव्हे. आज गप्प बसवलेली मुलगी उद्या परमुलखात अडचणीत आली, तर तुम्हाला फोन करेल? मला काळजी याची वाटते, टक्क्यांची नाही.

‘भाषा कामाची, इतिहास हौसेचा’ ही समजूत मात्र काढून टाका. १७९४ मध्ये, क्रांतीच्या काळात, आबे ग्रेग्वार या धर्मगुरू-लोकप्रतिनिधीने देशातल्या भाषांवर अहवाल दिला, तेव्हा निदान ६० लाख फ्रेंच नागरिकांना फ्रेंच येतच नव्हती. १८७०-७१ मध्ये प्रशियाकडून हार झाली, सरहद्दीवरचा अल्सास प्रांत गेला, पॅरिस कम्यून हे पॅरिसकरांचं बंडखोर सरकार रक्तात बुडवलं गेलं. त्यानंतर १८८१-८२ च्या कायद्यांनी शाळा मोफत, सक्तीच्या आणि धर्मशिक्षणाविना झाल्या, आणि घरी ब्रेतॉन किंवा ऑक्सितान अशा प्रादेशिक भाषा बोलणारी पोरं तिथे फ्रेंच शिकली. ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोहाच्या खोट्या आरोपात शिक्षा झाली, त्या प्रकरणात देश दुभंगला. १९०५ मध्ये चर्च आणि शासनाची कायद्याने फारकत झाली. ‘लाइसिते’, म्हणजे शासन आणि सरकारी शाळा धर्मापासून अलग ठेवण्याचं तत्त्व, या शब्दामागे हे सगळं आहे. आपण त्याला ‘धर्मनिरपेक्षता’ म्हणून मोकळे होतो, पण २००४ मध्ये सरकारी शाळांत हिजाबला बंदी आली ती याच तत्त्वावर. अल्जीरियातली फ्रेंच सत्तेविरुद्धची लढाई १९५४ ते १९६२ चालली. तिला फ्रान्सने कायद्याने ‘युद्ध’ म्हणायला १९९९ उजाडलं. हे माहीत नसलेल्या दुभाष्याच्या हाती मी महत्त्वाची बैठक देणार नाही.

तिच्या बेतातही एक कच्चा दुवा आहे. बी१ वर मूळ कागदपत्रं वाचता येत नाहीत. यंदा पुढची पातळी, बी२, करावीच लागेल, सोबत सीयूईटी-पीजी या एम.ए.च्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज. दुभाष्याचं काम एम.ए. करतानाही सुरू करता येतं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी ते वाचू नका. आणि प्रवेशअर्जाची शेवटची तारीख कधी आहे, ते आजच बघा.