प्रतिजैविके देताना: नव्या फार्मासिस्टसाठी

दुकानात उभे राहू लागल्यावर सर्वाधिक काळजी प्रतिजैविकांच्या बाबतीत घ्या. प्रतिजैविकांच्या नको तिथे वापरामुळे बळावणाऱ्या, औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख माणसे थेट दगावल्याचा अंदाज आहे, आणि गोळी रुग्णाच्या हाती जाण्यापूर्वी तिला अडवू शकणारे शेवटचे माणूस बहुधा तुम्हीच असता.

सर्दीसाठी अझिथ्रोमायसिन मागणारे गिऱ्हाईक रोज येईल. सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविक विषाणूंवर चालत नाही, हे त्याला शांतपणे समजावा. चिठ्ठीशिवाय मात्र औषध देऊ नका. तो शेजारच्या दुकानात गेला तर जाऊ द्या. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत, आहेत. त्यांची नोंद वेगळ्या वहीत, डॉक्टर व रुग्णाचे नाव आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या यांसह, त्याच वेळी करा व ती वही तीन वर्षे जपा. संध्याकाळी आठवून भरलेली वही मला तरी नोंद वाटत नाही.

अवघड प्रसंग वेगळाच असतो. पाच दिवसांची चिठ्ठी असते आणि रुग्ण, पैसे कमी असल्यामुळे, संकोचाने दोनच दिवसांच्या गोळ्या मागतो. अशा वेळी गोळ्यांची पट्टी कापून देऊ नका. डॉक्टरांना फोन लावून त्याच घटकाचे स्वस्त औषध लिहून देण्याची विनंती करा.