आधी बोटांनी, मग पान्याने

प्रश्न : माझी वॅगन आर 2014ची आहे, कंपनीतूनच सीएनजी बसवलेली. 62 हजार किलोमीटर झालेत, स्पार्क प्लग कधी बदललेले आठवत नाहीत. पेट्रोलवर गाडी छान पळते, पण गॅसवर असताना गायमुखच्या चढावर झटके देते. एका गॅरेजवाल्याने तिन्ही कॉइल बदलायला सांगितल्या. दीर म्हणतात, प्लग काढून बॉडीला टेकव आणि ठिणगी बघ, म्हणजे कळेल. मला प्लग स्वतः बदलून बघायचेत. जमेल का?
— एक वाचक, कासारवडवली

ताई, जमेल. आणि दुखणं काय ते तुमच्या पत्रातच आलंय. पेट्रोलवर बरी आणि गॅसवर, तेही चढावर वाईट, म्हणजे पहिला संशय प्लगवर. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. चढावर इंजिनवर लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारणं आणखी अवघड होतं. प्लगची टोकं झिजून त्यांच्यातलं अंतर, म्हणजे गॅप, वाढलेला असेल, तर पेट्रोलवर कसंबसं निभावतं, गॅसवर उघडं पडतं. कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज पुरवणारा भाग, खराब नसेलच असं मी म्हणत नाही. पण तीन कॉइल म्हणजे काही हजारांचा मामला, प्लग त्या मानाने किरकोळ. आधी किरकोळ करून पाहावं.

दीरांना माझा नमस्कार सांगा, पण तो ठिणगीचा प्रयोग करू नका. जुन्या वायरवाल्या गाड्यांवर आम्हीही तो करायचो आणि झटकेही खायचो. तुमच्या गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल आहे. ठिणगीला नीट वाट मिळाली नाही, तर कॉइल जाते, कधी तिला चालवणारं सर्किटही. शिवाय बाहेर मोकळ्या हवेत उडालेली ठिणगी सिलिंडरच्या दाबात उडेलच असं नाही.

काम रविवारी सकाळी करा, गाडी सुरू करण्याआधी. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. हेड, म्हणजे प्लग बसतो तो इंजिनचा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर प्लगबरोबर हेडचे आटेही सोलून निघू शकतात. चावी काढून ठेवा. एअर फिल्टरचा डबा किंवा पाइप आड येत असेल तर सोडवून घ्या. कॉइलच्या कनेक्टरचं लॉक अंगठ्याने दाबूनच सोडवा, वायर ओढू नका; दहा वर्षांचं प्लॅस्टिक पापडासारखं मोडतं. कॉइलचा बोल्ट बहुधा 10च्या पान्याचा. कॉइल आधी थोडी डावी-उजवी फिरवा, मग सरळ वर खेचा. एका वेळी एकच कॉइल, एकच प्लग.

आता घाई करायची नाही. कॉइल निघाली की खाली खोल विहिरीसारखं भोक दिसेल. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून तुमच्याकडे किती धूळ बसते ते मी सांगायला नको. त्या विहिरीच्या तळाशी ती सगळी जमलेली असते आणि प्लग काढला की थेट सिलिंडरमध्ये पडते. म्हणून प्लगला हात लावण्याआधी सायकलच्या पंपाने आत जोरात हवा मारा. तोंड बाजूला ठेवून. मी पहिल्यांदा वाकून बघत बसलो होतो, दोन दिवस डोळा चोळत होतो.

प्लगचं सॉकेट आत रबर किंवा लोहचुंबक असलेलं घ्या, म्हणजे प्लग वर येताना निसटत नाही. नव्या गाड्यांना बहुतेक 16चं लागतं, काहींना 14चं. जुन्या 21च्या भरवशावर दुकानात जाऊ नका, गाडीचं मॉडेल सांगून प्लग आणि सॉकेट एकदमच घ्या.

निघालेले प्लग वर्तमानपत्रावर ओळीने ठेवा, कुठला कुठून आला ते लिहून. फिकट करडं किंवा तपकिरी टोक म्हणजे ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे मिश्रणात इंधन जास्त. ओलसर तेलकट असेल तर प्लगपेक्षा इंजिनची काळजी करा. पांढऱ्या चिनीमातीवर धातूच्या जरा वर तपकिरी वळं दिसलं तर घाबरू नका, ते विजेमुळे चिकटलेल्या तेलकट धुळीचं असतं, गॅस बाहेर येत असल्याचं नव्हे. पण उभी काळी बारीक रेघ दिसली, तर ठिणगी आत न जाता बाहेरून पळत होती असं समजा. तशीच रेघ कॉइलच्या रबरी टोपीत आतून दिसते का तेही बघा. दिसली तर नवी टोपी, ती सुटी मिळत नसेल तर कॉइल.

नवा प्लग हातातून फरशीवर पडला तर तो बसवू नका. चिनीमातीला गेलेला केसासारखा तडा डोळ्याला दिसत नाही, गायमुखला दिसतो.

आणि आता मी स्वतः खाल्लेली माती. वागळे इस्टेटमध्ये 31 वर्षं मी टूलरूममध्ये आटे कापले. 1997 साली पुण्याला लग्नाला निघायच्या गडबडीत माझ्या मारुती 800ला प्लग लावत होतो. दोन फेरे हाताने गेला, मग जड लागला. म्हटलं कचरा असेल, आणि लांब दांड्याचा पाना लावला. प्लग तिरका बसला होता. हेडचे आटे गेले, हेड उतरवून आत नव्या आट्यांची तारेची गुंडाळी (हेलिकॉइल) बसवावी लागली, आणि लग्नाला आम्ही एशियाडने, उभ्याने. टूलरूमवाल्याने स्वतःच्याच गाडीचे आटे घालवले, हे आमच्या घरी आजही पाहुण्यांना चहाबरोबर सांगितलं जातं.

म्हणून सांगतो, पाना शेवटी. प्लगच्या वरच्या टोकाला घट्ट बसेल असा वीतभर रबरी पाइप घ्या, त्याला प्लग खोचून विहिरीत सोडा. आधी उलटा फिरवा. आट्यात आटा बसताना बारीकसा टक्‌ जाणवतो. मग सुलटा, दोन बोटांनी. तिरका जात असेल तर पाइपच प्लगवर सरकतो, आटे वाचतात. सरळ असेल तर टेकेपर्यंत सगळे फेरे बोटांनीच जातात. टेकला की मग पाना. प्लगला नवं वॉशर असेल तर अर्धा फेरा, फार तर त्याहून किंचित जास्त, आणि थांबा. टॉर्क रेंच असेल तर गाडीच्या पुस्तकातला आकडा लावा. आट्यांना ग्रीस चोपडू नका. ग्रीस लागलं की त्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो.

गॅप दुकानातून बरोबर येतो असं समजू नका, बसवण्याआधी फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. गॅसच्या गाडीला पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

सगळं करून झटके राहिले, तर दोन सिलिंडरच्या कॉइल आपसांत बदला आणि स्कॅनरवर बघा. मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन न पेटणं) कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर तीच दोषी. तिन्ही नव्हेत.

प्रश्न : तुर्भ्याला इंजिन धुऊन घेतलं, दुसऱ्या दिवसापासून गाडी मिसिंग मारते आणि इंजिनचा दिवा लुकलुकतो. चालवत राहू का, वाळेल आपोआप?
— एक वाचक, नेरूळ

नका चालवू. स्थिर दिवा असता तर सावकाश गॅरेजपर्यंत गेला असतात. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जातंय; ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्यात) जाऊन जळतं, आणि तो भाजून निघाला की प्लगच्या कितीतरी पट खर्च. प्लगच्या विहिरीत पाणी साचलं असणार. कॉइल काढा, कापडाची वात करून पाणी टिपून घ्या, हवा मारा, टोप्या कोरड्या करा. तळाशी पाण्याऐवजी तेल निघालं, तर ते धुण्यामुळे नव्हे, वरच्या कव्हरची सीलं गेलीत. मग नुसतं पुसून भागणार नाही.

प्रश्न : दुकानदार इरिडियम प्लगच घ्या म्हणतो. आमचे वडील आयुष्यभर मायकोचेच वापरायचे. फरक पडतो का?
— एक वाचक, कळवा

वडिलांचा मायको म्हणजे आजचा बॉश. 2008मध्ये कंपनीने नाव बदललं, आमच्या पिढीने नाही. इरिडियमने गाडी पळायला लागत नाही, प्लग जास्त टिकतो इतकंच. कंपनीने तोच दिला असेल तर तोच लावा. साधा असेल तर साधा लावून वेळेवर बदला. मात्र प्लगवरचा आकडा स्वतः वाचा. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा; बॉशमध्ये उलटं, वाढला की गरम, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा. दुकानदाराने ‘हाच चालतो’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा तोच आकडा पुढे केला, तर तिथेच पुडी परत करा.