वाचकांचे प्रश्न : वायनवूडचं वाघांचं पार्क का बंद पडलं?

प्रश्न : अमेरिकेत ओक्लाहोमातल्या वायनवूडचं जी. डब्ल्यू. पार्क मालक जो एक्झॉटिक तुरुंगात गेल्यामुळेच बंद पडलं का?

उत्तर : नाही. १९९९ मध्ये त्याने ते सुरू केलं. जानेवारी २०२० मध्ये त्याला २२ वर्षांची शिक्षा झाली तेव्हा पार्क त्याचा पूर्वीचा भागीदार जेफ लो याच्या ताब्यात होतं आणि चालूही होतं. जूनमध्ये न्यायालयाने ती जागा ‘बिग कॅट रेस्क्यू’ या वाघ-सिंहांना आसरा देणाऱ्या संस्थेला दिली, कारण जो एक्झॉटिककडे तिची सुमारे दहा लाख डॉलरची जुनी भरपाई थकली होती. ऑगस्टमध्ये केंद्रीय कृषी खात्याने लोचा परवाना निलंबित केला आणि फाटक बंद झालं.

पण मूळ दुखणं धंद्यातच होतं. पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढायला मिळतो तो साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत. त्याआधी त्याची प्रतिकारशक्ती कच्ची असते, नंतर दात आणि नखं धोक्याची होतात. म्हणजे कमाई चार आठवड्यांची, आणि पोसायचं पंधरा-वीस वर्षं, मोठा झाल्यावर रोज चार-पाच किलो मांस घालून. फोटोसाठी नवी पिल्लं सतत लागतात. ती जन्मताच काढून घेतली की वाघीण लवकर पुन्हा माजावर येते, साडेतीन महिन्यांत पुन्हा विते आणि पिंजरे भरत जातात. हे क्रूर आहेच, शिवाय हिशेबातही बसत नाही.

प्रश्न : भरपूर मांस खाऊनही अशा पिल्लांची हाडं का मोडतात?

उत्तर : बिनहाडाच्या मांसामुळे. त्यात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला दोन्ही जवळपास सारखे लागतात. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून ओढतं. आधी पिल्लू लंगडतं, पाय वाकतात, मग साध्या उडीनेही हाड मोडतं. हाडासकट मांस द्यावं, नाहीतर पशुवैद्याने ठरवलेल्या मात्रेत कॅल्शियम. आईचा चीक न मिळालेल्या पिल्लाला संसर्गही पटकन होतो.

प्रश्न : मग त्या वाघांचं काय झालं?

उत्तर : लोने बरेच प्राणी ओक्लाहोमातल्याच थॅकरव्हिलला हलवले. तिथूनही मे २०२१ मध्ये सरकारने वाघ, सिंह, त्यांचे संकर आणि एक जॅग्वार असे ६८ प्राणी जप्त केले. डिसेंबर २०२२ च्या केंद्रीय कायद्याने लोकांनी पिल्लं हाताळण्यावर बंदी आली. खाजगी मालकांना आधीपासूनचे प्राणी ठेवायचे तर १८ जून २०२३ पर्यंत नोंदणी करावी लागली. नवे आणता येत नाहीत, पैदासही करता येत नाही.