‘लँडरेस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न आला आहे: भांगेच्या झाडावरच्या एका लेखाचं भाषांतर करताना ‘लँडरेस जेनेटिक्स’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो, त्याला ‘रानटी जातींचं अनुवंशशास्त्र’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. रानटी म्हणजे आपोआप उगवणारं, कोणी न जोपासलेलं. लँडरेस हा वाण मात्र शेतकऱ्याने घडवलेला असतो. चांगल्या झाडाचं बी राखायचं, पुढच्या हंगामात तेच पेरायचं, असं पिढ्यानपिढ्या चालतं. अशा शेतातली झाडं अगदी एकसारखी नसतात, पण त्या मातीला आणि हवेला मुरलेली असतात. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, गावरान वाण. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या बियाण्याला सगळे गावरानच म्हणतात.

भांगेच्या बाबतीत हा फरक सांभाळावाच लागतो. हिंदुकुशात थंडी लवकर पडते, म्हणून तिथला गावरान वाण बुटका, रुंद पानांचा आणि झटपट फुलून तयार होणारा. वाळलेली झाडं चाळून राळ, म्हणजे फुलोऱ्यावरचा चिकट पदार्थ, काढायची तिथली रीत, त्यामुळे राळेला महत्त्व. केरळ किंवा थायलंडचं झाड उंच, निमुळत्या पानांचं, त्याचा फुलोरा महिनोन्‌महिने चालतो. कुमाऊँ-गढवालात तर बियांची चटणी होते आणि सालीच्या धाग्याचे दोर वळतात. पैदासकारांना, म्हणजे संकरातून नवे वाण तयार करणाऱ्यांना, हवे असतात ते हेच वेगवेगळे गुण. कॅलिफोर्नियात 1970च्या दशकात निघालेल्या ‘स्कंक’ या भांगेच्या वाणामध्ये मेक्सिको-कोलंबियाच्या वाणांशी अफगाण वाणाचा संकर आहे. लवकर तयार होण्याचा गुण आला तो अफगाण बाजूने.

रानटी भांगही आहे. यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1924 मध्ये ‘रुडरॅलिस’ असं नाव दिलेली भांग रस्त्याकडेला, पडीक जागी उगवते. दिवस लहान होण्याची वाट न बघता ती वयात आली की फुलते. आजच्या ‘ऑटोफ्लॉवर’ म्हणजे आपोआप फुलणाऱ्या वाणांत हा गुण तिच्याकडून आला. गावरान वाण आणि ही भांग, दोघांनाही रानटी म्हटलं, तर कोणता गुण शेतातून आला आणि कोणता पडिकातून, हे वाचकाला कळणारच नाही. वाणांच्या संरक्षणाचा 2001चा भारतीय कायदाही ‘शेतकरी वाणा’च्या व्याख्येत लँडरेस आणि रानटी सगोत्र (पिकाचे रानातले नातलग) यांचा वेगवेगळा उल्लेख करतो.

‘देशी’ मला इथे पटत नाही. अफगाण वाणाला देशी म्हटलं की वाचक अडखळतो. ‘गावठी’ तर नशेच्या विषयात नकोच, लगेच हातभट्टी आठवते.

राहिलं ‘जेनेटिक्स’. इथे ते शास्त्राचं नाव नाही, झाडात साठलेल्या गुणांविषयी बोलणं चाललं आहे. म्हणून ‘गावरान वाणांची जनुकसंपदा’ लिहावं. वाक्य साधं असेल, तर ‘गावरान वाणांचे आनुवंशिक गुण’ जास्त सहज वाचलं जाईल.